वह्यांची अदलाबदल

"दहापैकी तीन," मी म्हणाले आणि भालेकर मामांची वही त्यांच्यापुढे सरकवली.

मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, माझ्या लाल फुल्यांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे मॅडम. 'मी'मधला ठिपका राहिला. दर वेळी राहतो." मग माझी वही मला परत देत ते वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आठल्ये मॅडम, दहापैकी दहा."

पुढच्या बाकावरच्या प्राचीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती कॉलेजात माझ्याच तिसऱ्या वर्षाला होती, आणि आपल्या बाई इथेही पहिल्या आहेत याचं तिला माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं. टेबलामागे लाओशींनी दोन्ही आकडे रजिस्टरात लिहून घेतले. लाओशी म्हणजे चिनीत शिक्षक. आमच्या लाओशी होत्या फणसळकर बाई. पाच वर्षं बीजिंगमध्ये राहून आलेल्या, थर्मासातलं गरम पाणी घोट घोट पीत शिकवणाऱ्या, आणि उशिरा येणाऱ्याला चिनीत रागावून त्याचा अर्थ मराठीत विचारणाऱ्या.

हे नव्व्याण्णव साल. मी सदतीस वर्षांची होते. दिवसा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी विद्यापीठात चिनी भाषेच्या पहिल्या वर्षाला बसायचे. माझं काम मोनाझाइट वाळूतले दुर्मिळ धातू एकमेकांपासून वेगळे करण्याचं. त्या विषयातले उत्तम प्रबंध चीनमधून यायचे. त्यांचा सारांश तेवढा इंग्रजीत असे, बाकी सगळं चिनी. कोष्टकांमधले आकडे मला वाचता येत, ते कशाचे आहेत हे कळत नसे. म्हणून मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर तिसऱ्या बाकावर भालेकर मामा बसलेले. मला पाहताच ते उठून उभे राहिले. छत्तीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते. मी सतरा वर्षांची असताना त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा ब्युरेटची काचनळी स्टँडला कशी लावायची हे मला मामांनी दाखवलं होतं, आणि पुढे मी तिथेच शिकवायला लागले तेव्हा माझ्या टेबलावर रोज सकाळी धुतलेलं सामान तेच मांडून ठेवत. आदल्या वर्षी ते निवृत्त झाले होते. मला वाटलं, कुणाला तरी सोडायला आले असतील. पण त्यांच्यापुढे खाकी कव्हर घातलेली कोरी वही होती आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली. वर्गात तेवढीच एक जागा रिकामी होती, त्यांच्या शेजारची.

आमच्याच कॉलेजातून पास होऊन गेलेला ओंकारही त्या वर्गात होता. त्यानं मधल्या सुट्टीत विचारलं, "मामा, चायनीजची गाडी टाकताय का?"

"टाकीन की," मामा म्हणाले. "तू प्लेटा धुवायला ये. मी तुझे फ्लास्क धुतलेत तीन वर्षं."

त्याच दिवशी लाओशींनी मला विचारलं की यांना सगळे मामा का म्हणतात. मी सांगितलं, आमच्याकडे शिपाई, अटेंडंट यांना मामाच म्हणतात. लाओशी हसल्या आणि फळ्यावर एक अक्षर दोनदा लिहिलं. चिनीत 'मामा' म्हणजे आई. वर्ग मनमुराद हसला. मामांनी ते अक्षर वहीत उतरवून घेतलं आणि खाली मराठीत लिहिलं, 'मी'.

ते वर्गात का येतात, हे त्यांनी मला महिनाभरानं सांगितलं. आम्ही दोघं वर्ग सुटल्यावर एकाच बसथांब्यावर उभे राहत असू. त्यांची दापोडीची बस, माझी कोथरूडची. फ्रेंच आणि जर्मनची चौकशी त्यांनी आधी केली होती, पण तिथे इंग्रजी चांगलं असलेली मुलं निम्मं आधीच शिकून आल्यासारखी पुढे धावतात, असं त्यांना दिसलं.

"इथं कसं," ते म्हणाले, "तुम्ही पीएचडी, मी जुनी अकरावी. दोघांनाही लाओशींनी 'एक' लिहायला एकच आडवी रेघ शिकवली. सगळेच अंगठेबहाद्दर."

"पण शिकायचंच का होतं, मामा?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकांवर नंबर टाकायचं काम माझं असायचं. खडूनं. छत्तीस वर्षं टाकले. आपलाही एकदा कुठंतरी नंबर पडावा, विद्यापीठाच्या परीक्षेचा. पास-नापास नंतर बघू. नंबर पडला पाहिजे."

त्यांना एकच वर्ष होतं. मुलगी बार्शीला असते, आणि पुढच्या मे महिन्यात दापोडीची खोली सोडून मामा आणि मामी दोघांनी कायमचं तिच्याकडे जायचं ठरलं होतं.

परीक्षेला बसण्याची एक अट होती. आठवड्यातून एकदा वर्गाच्या सुरुवातीला लाओशी दहा शब्द उच्चारत, आम्ही ते चिनी अक्षरांत लिहायचे. मग शेजाऱ्याशी वही बदलायची, फळ्यावरच्या उत्तरांवरून एकमेकांची तपासायची आणि मार्क मोठ्यानं सांगायचे. बीजिंगला असंच करतात, लाओशी म्हणायच्या. दुसऱ्याची चूक शोधताना आपली सापडते. वर्षभराच्या या मार्कांची बेरीज चाळीस टक्के झाली, तरच परीक्षेचा अर्ज पुढे जाई.

पहिल्याच दिवशी लाओशींनी एक नियमही सांगितला होता. एखादी रेघ राहिली, ठिपका राहिला, पण अक्षर ओळखू येतंय, तर अर्धा मार्क द्यायचा. हे मला पटलं नव्हतं. टायट्रेशनमध्ये रंग बदललेला असतो किंवा नसतो. अक्षर बरोबर असतं किंवा चूक. बाकीचे विद्यार्थी एकमेकांना अर्धे अर्धे मार्क वाटत होते, ओंकार तर शेजारणीला पूर्णच देत होता, पण मी मामांच्या वहीत अर्धा मार्क कधी लिहिला नाही. हा माणूस वयानं मोठा, गरीब, 'मामा' आहे म्हणून त्याला सूट द्यायची, यात मला त्याचा अपमान वाटे. मी त्यांना इतर कुणाही विद्यार्थ्यासारखं तपासत होते, आणि याचा मला मनातून थोडा अभिमानही होता.

मामांची अक्षरं दिसायला सुंदर असत. बाटल्यांवर लेबलं लिहून लिहून त्यांचा हात बसलेला होता. पण शब्द ऐकल्यापासून तो आठवेपर्यंत त्यांना वेळ लागे, आणि लाओशी पुढच्या शब्दाला गेल्या की त्यांची घाई होई. मग ठिपका राही, आडवी रेघ एखादी कमी पडे. तीन, चार, दोन, चार. सांगताना माझा आवाज बदलत नसे. "बरोबर आहे मॅडम," ते म्हणत.

मला मात्र दहा. जुलैत एकदा त्यांनी मला नऊ दिले होते, तेवढा एक अपवाद. त्यानंतर दहा, दहा, दहा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विभागाच्या बोर्डावर यादी लागली. वर पात्र विद्यार्थी, मार्कांसकट. मी पहिली, दोनशे चाळीसपैकी दोनशे एकोणचाळीस. खाली 'परीक्षेस अपात्र' या मथळ्याखाली दोन नावं. एक दिवाळीनंतर वर्गात न आलेल्या मुलाचं. दुसरं, भालेकर ज्ञानोबा विठ्ठल, अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव लागत होते.

मामा माझ्या आधीच येऊन बोर्डापुढे उभे होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती ते एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

"त्यांचं चुकलं नाही," ते मला म्हणाले. "अठ्ठ्याऐंशीच होतात. मीही बेरीज केली होती घरी."

वर्गात ते नेहमीसारखे बसले. दहा शब्द लिहिले. वही बदलली. त्या दिवशी त्यांना चार पडले, आणि ते चार रजिस्टरात कुठेच जाणार नव्हते.

वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले आणि लाओशींना विचारलं, काही करता येईल का. त्या म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांनी फेरतपासणीचा अर्ज द्यावा, मी स्वतः वही पुन्हा तपासते. पण ज्यांनी एकमेकांच्या वह्या तपासल्या, त्या दोघांच्याही द्यायच्या. एकाची बघायची आणि दुसऱ्याची नाही, असं चालणार नाही. मग सुधारलेली यादी पुन्हा बोर्डावर लागेल.

मी थांब्यापर्यंत जवळजवळ धावत गेले. मामांना हे सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, आणि मी 'दोघांच्याही वह्या' असं म्हटल्यावर तो तसाच गेला.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले.

"का? माझी वही द्यायला माझी काही हरकत नाही."

"ते ठीक आहे. पण राहू द्या."

मी पुष्कळ समजावलं. आठच मार्कांचा प्रश्न आहे, हे वर्ष गेलं तर पुन्हा येणार नाही, अर्जाला लागतो तो एक कागद. ते ऐकून घेत होते आणि बस येते का ते बघत होते. शेवटी मला राग आला. इतकं सरळ असताना हा माणूस हट्ट का करतो, हे मला कळेना. त्यांची बस आली. चढताना ते म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शनिवारी दुपारी घरी मी माझी वही काढली. अर्जाची मुदत शुक्रवारची होती, म्हणजे अजून सहा दिवस होते. मामांचं मन वळलं तर वही द्यावी लागणार, तिच्यावर चहाचे डाग वगैरे नाहीत ना, एवढंच मला पाहायचं होतं. पानं उलटताना एका शब्दावर मी थांबले. 'थंड'. या अक्षराच्या डाव्या बाजूला पाण्याचे थेंब काढायचे असतात. मी तीन काढले होते. पुस्तक उघडलं. दोन होते.

शेजारी मामांच्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती.

मी पुस्तक बाजूला ठेवून पहिल्या पानापासून तपासायला बसले. 'विकत घेणे' आणि 'विकणे' यांत डोक्यावरच्या एका फुलीचाच काय तो फरक, आणि मी ती फुली नको तिथे दिली होती, तीन वेगवेगळ्या दिवशी. 'कृपया'त एक रेघ कमी. संध्याकाळपर्यंत एकतीस चुका निघाल्या. एकतीसही ठिकाणी बरोबरची खूण.

माझा पहिला निष्कर्ष असा की मामांना कळलंच नाही. ज्याला स्वतःला लिहिता येत नाही, त्याला दुसऱ्याची चूक कशी दिसणार. निरीक्षण आणि अनुमान यांत गल्लत करू नका, असं मी मुलांना दर वर्षी सांगते. ते मला स्वतःला आठवायला वहीचं शेवटचं पान उलटावं लागलं.

त्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरं लिहिलेली होती. ती मी पूर्वीही पाहिली होती. मामा वही तपासताना माझ्या वहीत सराव करतात, असं समजून मी मनातल्या मनात थोडी नाराजही झाले होते. आता वाचली. पहिलं होतं 'थंड', दोन थेंबांचं. पुढे 'विकत घेणे', फुलीशिवाय. मग 'कृपया', सगळ्या रेघांसकट. मी जिथे जिथे चुकले होते ते शब्द, त्याच क्रमानं, अचूक. एकोणतीस. दोन चुका त्यांच्याही नजरेतून निसटल्या होत्या.

रविवारी सकाळी मी दापोडीला गेले. पत्ता कॉलेजातून मिळाला. एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. दार उघडंच होतं. मामा शहाबादी फरशीवर मांडी घालून बसले होते, शेजारी वाटीत पाणी. ते बोट बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होते, ओळीनं, आणि शेवटचं लिहून होईपर्यंत पहिलं वाळून जात होतं. मला बघून ते उभे राहिले आणि हात पुसायला काही सापडेना.

"बसा बाई," मामी आतून म्हणाल्या. "जरा बाजूनं या, ओलं आहे. वर्षभर हेच चाललंय. मला फरशी पुसावी लागत नाही, एवढा फायदा."

मी माझी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. शेवटचं पान. मामांनी पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मामा, तुम्हाला माझ्या चुका दिसत होत्या."

"दिसायच्या की."

"मग बरोबरची खूण का केलीत?"

त्यांनी मामींना चहा ठेवायला सांगितलं. मामी जागच्या हलल्या नाहीत. "सांगा की आता," त्या म्हणाल्या. "दर वेळी मला सांगत होतात. आज मॅडम तिथं चुकल्या, आज मॅडम इथं चुकल्या."

"जुलैत तुम्हाला मी नऊ दिले होते," मामा म्हणाले. "आठवतंय का? त्या दिवशी थांब्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बस येईस्तोवर वही उघडून बघत होता. मला वाटलं, एवढ्याशासाठी कशाला. मागं लिहून ठेवावं. बघतील."

"मी कधी बघितलं नाही."

"ते कळलं मला." ते हसले. "तीच चूक परत यायची ना."

"मग तोंडानं सांगायचं."

"कसं सांगणार? पुढं प्राची बसलेली. तुम्ही मार्क सांगायच्या वेळी ती पोरगी वळून बघते. पलीकडं ओंकार. तुमचे विद्यार्थी सगळे. त्यांच्या समोर मी तुम्हाला फुल्या मारू?"

"मी तुम्हाला मारल्या. दीडशेच्या वर."

"त्या बरोबर होत्या."

"नव्हत्या," मी म्हणाले. "एखादी रेघ राहिली तर अर्धा मार्क द्यायचा होता. मी दिला नाही. एकदाही नाही."

"माहीत आहे. लाओशींनी नियम सांगितला तेव्हा मी पण वर्गात होतो."

फरशीवरची अक्षरं सगळी वाळून गेली होती. मामी उठून आत गेल्या आणि स्टोव्हला पंप मारायला लागल्या.

"मग बोलला का नाहीत?" मी शेवटी विचारलं.

मामांनी वाटी हातात घेतली, परत खाली ठेवली. "तुम्ही बीएस्सीला होता तेव्हाचं सांगतो. टायट्रेशनला एक थेंब जास्त पडला आणि रंग गडद झाला, तर बाकीची पोरं आकडा ठोकून द्यायची आणि घरी जायची. तुम्ही फ्लास्क ओतून परत करायचा. डोळ्यांत पाणी यायचं, पण परत करायचा. मी प्रयोगशाळेचं कुलूप हातात घेऊन दारात उभा राहायचो. कितीदा तरी. मी म्हटलं, बाकीचे मला सात देतील, आठ देतील, मामा म्हणून. ह्या बाईंनी तीन दिले, तर ते तीन माझे आहेत."

मी पर्समधून फेरतपासणीचा अर्ज काढला. परवा, शुक्रवारी दुपारीच मी तो विभागातून आणून ठेवला होता. नाव, पत्ता, सगळं भरलेलं होतं, सही तेवढी राहिली होती.

"तुमची वही पण जाणार," मामा म्हणाले. "बोर्डावर लागेल. सगळे बघतील."

"लागू दे."

"एकोणतीस चुका आहेत मॅडम. मला सापडल्या तेवढ्या, जास्तही असतील."

"एकतीस आहेत. मी मोजल्या."

"सही करा आता," मामी चहाचे कप घेऊन येत म्हणाल्या. "बाई एवढ्या उन्हातून आल्यात."

मामांनी आधी मोरीत जाऊन हात धुतले, पुसले, मग सही केली. मराठीत केली, आणि मला विचारून तिच्या शेजारी चिनीतही केली.

सोमवारी मी दोन्ही वह्या लाओशींच्या टेबलावर ठेवल्या आणि झालेलं सगळं सांगितलं, माझ्याकडून आणि मामांकडून. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझ्या वहीचं शेवटचं पान त्या बराच वेळ बघत राहिल्या. एकेका अक्षरावर पेनाचं टोपण टेकवत गेल्या, जणू हजेरी घेत होत्या. मग दोघांनाही समोर उभं करून, आम्ही पहिलीतली मुलं असल्यासारखं, त्यांनी झापलं. म्हणाल्या, एकीनं माझा नियम कडक केला, दुसऱ्यानं मऊ केला, आणि मला विचारायचं कुणालाही सुचलं नाही. पुढे असं केलंत तर दोघांनाही बाहेर काढीन, वय बघणार नाही. मामा खाली बघून "हो बाई" म्हणाले. मीही म्हणाले.

गुरुवारी सुधारलेली यादी लागली. मामा एकशे अकरा. अर्ध्या अर्ध्या मार्कांनी ते शहाण्णवच्या कितीतरी पुढे गेले होते. मी दोनशे एकोणीस, तिसरी. प्राचीनं यादी वाचली, मग हळूच माझ्याजवळ येऊन विचारलं, "मॅडम, तुमचे कशात गेले?" मी तिला वही उघडून दाखवली. "थंडला तीन थेंब?" ती म्हणाली. "मला वाटायचं फक्त मीच देते."

त्यानंतरचे दोन महिने मामांनी मला फुल्या मारल्या. आवाज न बदलता. नऊ, आठ, एकदा सात. मी त्यांना अर्धे मार्क देत गेले, आणि अर्धा म्हणजे नेमका किती, यावर थांब्यावर आमचे वाद होत. ते म्हणत मी आता सैल झालेय. बस आली तरी वाद संपत नसे, मग ते खिडकीतून हातानं रेघा काढून दाखवत.

निकाल जूनमध्ये लागला. मामांना सत्तेचाळीस टक्के मिळाले. गुणपत्रक मी बार्शीला रजिस्टरनं पाठवलं, आणि उलट टपाली त्यांच्या जावयाचं पत्र आलं की ते फ्रेम करून लावलं आहे, पण सासरे रोज काढून बघतात म्हणून खिळा सैल झालाय. त्यांचं वरचं शिक्षण काही झालं नाही. माझं झालं. आता मला कोष्टकांचे मथळे वाचता येतात.

पण त्या वर्षातलं मला जे आठवतं, ते एप्रिलमधल्या लेखी परीक्षेच्या सकाळचं आहे. हॉलमध्ये सगळ्या परदेशी भाषांचे विद्यार्थी एकत्र बसवले होते. मामांचा बाक माझ्यापासून दोन ओळी पलीकडे, थोडा पुढे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. पेपर हातात पडल्यावर त्यांनी तो आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि पहिल्या पानावर वाकले ते वाकलेच. मी माझा पेपर लवकर संपवला होता. पुन्हा तपासून झाला, मग आणखी एकदा तपासला, मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी त्यांच्याकडे बघत बसले. एखाद्या शब्दाशी ते अडत. तेव्हा पेन थांबे, आणि डाव्या हाताचं बोट बाकाच्या लाकडावर कोरडंच फिरे. मग पेन पुन्हा चालू होई.

दीड तासानं एक शिपाई पाण्याचा जग आणि ग्लास घेऊन ओळींमधून फिरायला लागला. आमच्या कॉलेजात परीक्षेच्या वेळी हे काम मामा करत. कुणाच्या घशाला कोरड पडली आहे हे त्यांना लांबून ओळखू येई, आणि ग्लास बाकावर ठेवताना तो वाजणार नाही याची ते काळजी घेत. आता तो शिपाई त्यांच्याच बाकाशी येऊन थांबला. जरा वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पाणी?"

मामांनी वर पाहिलं नाही. उजवा हात लिहीत होता. डावा त्यांनी नुसता हवेत हलवला, आता नको, पुढे जा, अशा घाईनं, आणि शिपाई पुढे गेला.